वेळ मोजलीत, चूक मोजलीत का?

'गाउसियन १६ हे गाउसियन ०९ पेक्षा हळू चालतं.' 'ऑर्का ५ आलं आणि ऑर्का ४ वेगात कुठल्या कुठे मागे पडलं.' 'बी३एलवायपी स्वस्त, एम०६-२एक्स महाग, ओमेगा-बी९७एक्स-डी त्याहून महाग.' क्वांटम केमिस्ट्रीची गणितं करणाऱ्या कुठल्याही विभागात आठवडाभर बसा, ही तीन वाक्यं कानावर पडतीलच. नव्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच महिन्यात शिकवली जातात. कार्यशाळांमध्ये ती तक्त्यांच्या रूपात पडद्यावर येतात. पुढे प्रबंधात 'वेळेच्या मर्यादेमुळे अमुक फंक्शनल निवडलं' असं लिहिलं गेलं की त्यांच्यावर शिक्कामोर्तब होतं.

या वाक्यांमागचे आकडे खोटे आहेत, असं मी म्हणत नाही. कुणीतरी जॉब लावले, तास मोजले, तक्ता केला. माझा आक्षेप त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. पहिल्या दोन तक्त्यांत आवृत्त्यांची तुलना झालेलीच नाही, आवृत्तीबरोबर बदललेल्या डिफॉल्ट मूल्यांची झाली आहे. तिसऱ्या तक्त्यात फंक्शनलपेक्षा त्याच्याभोवतीच्या यंत्रणेचा हिशेब जास्त आहे. शिवाय तिन्ही तक्त्यांत एक रकाना नाही: या वेळात हाती आलेलं उत्तर किती चुकलेलं आहे, हे सांगणारा. तो नसेल तर वेळेच्या रकान्यावरून परवान्यावरचा खर्चही ठरवू नये आणि प्रबंधाची पद्धतही.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. रेणूतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं समीकरण जसंच्या तसं सोडवणं अशक्यप्राय असतं. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवलं की निम्नतम स्थितीची ऊर्जा केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ठरते, आणि १९६५ मध्ये कोन आणि शॅम यांनी ती प्रत्यक्ष काढण्याची वाट घालून दिली. या वाटेवर एकच अडचण राहते. घनतेपासून ऊर्जेपर्यंत नेणाऱ्या सूत्राचा एक तुकडा, एक्स्चेंज-कोरिलेशन नावाचा, कुणालाच नेमका माहीत नाही. त्याच्या जागी जी अंदाजी सूत्रं वापरतात ती फंक्शनलं. बी३एलवायपी, पीबीई, एम०६-२एक्स ही त्यांचीच नावं. वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते जॉन पोपल यांच्याबरोबर, आणि गाउसियन या संगणक-प्रणालीची सुरुवात पोपल यांच्याच गटात, गाउसियन ७० या नावाने झाली. १६ ही तिची आजच्या घडीला सर्रास वापरली जाणारी आवृत्ती.

आता पहिलं वाक्य घेऊ. एक्स्चेंज-कोरिलेशनचा हिशेब कागदी सूत्राने सुटत नाही. त्यासाठी रेणूभोवती बिंदूंचं जाळं टाकावं लागतं, प्रत्येक बिंदूवर फंक्शनलचं मूल्य काढावं लागतं आणि सगळ्यांची बेरीज करावी लागते. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. प्रत्येक अणूभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल थर कल्पायचे आणि प्रत्येक थरावर ठरावीक बिंदू मांडायचे. गाउसियन ०९ मध्ये काहीही न सांगता जी ग्रिड मिळते तिच्यात प्रत्येक अणूला ७५ थर आणि थरावर ३०२ बिंदू, म्हणजे २२,६५० बिंदू असतात. गाउसियन १६ मध्ये काहीही न सांगता ९९ थर आणि ५९० बिंदू मिळतात, म्हणजे ५८,४१०. दोन्हीकडे केंद्राजवळच्या आणि फार दूरच्या थरांवरचे बिंदू छाटले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे बरेच खाली येतात. तरी नवी ग्रिड कितीतरी दाट आहे, हे उघड आहे. एवढ्यावरच हे थांबत नाही. दोन इलेक्ट्रॉनांमधल्या अपकर्षणाची जी असंख्य समाकलं काढावी लागतात, त्यांची अचूकताही १६ मध्ये दहाच्या उणे दहाव्या घातावरून उणे बाराव्या घातावर नेली आहे.

म्हणजे तीच इनपुट फाइल, एक अक्षरही न बदलता, दोन्ही आवृत्त्यांना दिली तरी दोघींना दिलेलं काम एकच नसतं. नव्या आवृत्तीला जास्त बिंदू मोजायचे असतात आणि जास्त समाकलं जपायची असतात. तिने जास्त वेळ घेतला यात नवल कसलं? किती जास्त, हे रेणूवर अवलंबून असतं, कारण ग्रिडवरचं काम हा एकूण कामाचा एक वाटा असतो आणि रेणू, बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांची कक्षकं मांडायला घेतलेल्या फलनांचा संच), फंक्शनल यांनुसार तो वाटा बदलतो. म्हणून 'दीडपट हळू' किंवा 'दुप्पट हळू' असा एकच गुणक सांगणंही चुकीचं आहे.

यातली खरी खंत वेगळीच आहे. या गोंधळावरचा उपाय प्रणालीतच दिलेला आहे. गाउसियन १६ मध्ये 'जी०९डिफॉल्ट्स' असा एक कीवर्ड आहे. तो टाकला की १६ जुन्या आवृत्तीची मूल्यं घेऊन चालतं. उलट बाजूने ०९ मध्येही १६ चीच दाट, 'अल्ट्राफाइन' नावाची ग्रिड मागता येते आणि समाकलांची अचूकता घट्ट करता येते. आवृत्त्यांचीच तुलना करायची असेल तर चार जॉब लागतात: जुनी आवृत्ती जुन्या मूल्यांवर, जुनी नव्या मूल्यांवर, नवी जुन्या मूल्यांवर आणि नवी नव्या मूल्यांवर. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांमध्ये पहिला आणि चौथा एवढेच दोन असतात. मधले दोन नसल्यामुळे प्रोग्रॅम किती बदलला आणि मूल्यं किती बदलली, हे वेगळं काढायला जागाच उरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'ग्रिड दाट केली काय, विरळ ठेवली काय, ऊर्जा पाचव्या दशांशात बदलते. मग जास्तीचा वेळ वायाच की.' याचा प्रतिवाद सविस्तर केला पाहिजे, कारण हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. लहान, ताठ रेणू, फक्त घनता आणि तिचा उतार वापरणारं साधं जीजीए फंक्शनल आणि एका ठरलेल्या रचनेची ऊर्जा, एवढंच काम असेल तर फरक खरोखर नगण्य असतो. पण आपले विद्यार्थी तेवढ्यावर थांबतात का? ते रचना इष्टतम करतात, त्यावर कंपनवारंवारता काढतात, त्यातून एन्ट्रॉपी काढतात आणि शेवटी अभिक्रियेची मुक्त ऊर्जा सांगतात. विरळ ग्रिडचा दोष या साखळीत पायरीपायरीने वाढत जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. लांब साखळीच्या रेणूत साखळीचं वळणं किंवा दोन तुकड्यांचं एकमेकांवर घसरणं, अशी हालचाल फार मंद असते. तिची वारंवारता १० किंवा २० प्रतिसेंटिमीटर एवढी लहान असू शकते. हार्मोनिक सूत्रात एन्ट्रॉपी वारंवारतेच्या लॉगरिदमवर अवलंबून असते. त्यामुळे १० चं २० झालं की एन्ट्रॉपीत आर गुणिले लॉग दोन एवढा, म्हणजे सुमारे १.३८ कॅलरी प्रति मोल प्रति केल्विन एवढा फरक पडतो. खोलीच्या तापमानाला, २९८ केल्विनला, हा मुक्त ऊर्जेत ०.४१ किलोकॅलरी होतो. संक्रमण-अवस्थेत असा फरक आला तर अभिक्रियेच्या वेगाचं भाकीत बरोबर दुप्पट किंवा निम्मं होतं. हे एका कंपनामुळे. मोठ्या, लवचिक रेणूत अशी चारपाच कंपनं सहज असतात. ग्रिड विरळ असताना इतक्या लहान वारंवारता पाच-दहा प्रतिसेंटिमीटरने इकडेतिकडे होणं ही नेहमीची गोष्ट आहे. पाचव्या दशांशातल्या ऊर्जेवर समाधान मानणाऱ्याच्या नजरेला ही घसरण पडतच नाही, कारण तो ती शोधतच नाही.

एम०६ कुटुंबाच्या बाबतीत तर ऊर्जाही सुरक्षित नाही. स्टीव्हन व्हीलर आणि केंडल हौक यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की या फंक्शनलांच्या सूत्रात गतिज-ऊर्जा-घनतेच्या पदांचे गुणांक मोठे असतात आणि ती पदं एकमेकांना छेदून लहान बेरीज देतात. विरळ ग्रिडवरची बारीक चूक त्या मोठ्या गुणांकांनी गुणली जाते आणि अभिक्रिया-ऊर्जेतच उतरते. पुढे २०१९ मध्ये व्हीलर यांच्या गटाने आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली: तोच रेणू, तीच रचना, फक्त अवकाशात वेगळ्या कोनात फिरवून ठेवली, तरी प्रचलित ग्रिडवर मुक्त ऊर्जा वेगळी येते. रेणू टेबलावर कसा ठेवला यावर त्याचं रसायनशास्त्र ठरावं, हे कुणीच मान्य करणार नाही. गाउसियन १६ ने दाट केलेली ग्रिड अशाच चुका आवरते. नव्या आवृत्तीने घेतलेला जास्तीचा वेळ या चुका टाळण्याची किंमत म्हणून मोजला जातो. त्याला 'हळू' म्हणायचं आणि जुन्या आवृत्तीची चूक हिशेबात धरायचीच नाही, हा अन्याय आहे.

दुसऱ्या वाक्याची कथा उलट दिशेने जाते. फ्रँक नीझं यांच्या गटाने बांधलेल्या ऑर्काची पाचवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. ऑर्का ४ मध्ये बी३एलवायपी आणि एक बेसिस सेट एवढंच लिहिलं तर समाकलं जुन्या, काटेकोर पद्धतीने काढली जात. ऑर्का ५ मध्ये तेवढंच लिहिलं तर संकरित, म्हणजे हार्ट्री-फॉक एक्स्चेंज मिसळलेल्या, फंक्शनलांसाठी 'आरआयजेकॉसएक्स' आपोआप चालू होतं. या लांबलचक नावात दोन युक्त्या आहेत. इलेक्ट्रॉनांच्या परस्पर अपकर्षणाचा कुलोम भाग एका सहायक बेसिस सेटच्या मदतीने अदमासे बसवायचा, ही पहिली. एक्स्चेंजचा भाग अर्धा सूत्राने आणि अर्धा ग्रिडवर काढायचा, ही दुसरी. ती नीझं आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली होती. दोन्हींनी मिळून मोठ्या रेणूंवर वेळेत फार मोठी बचत होते.

पण ही बचत ऑर्का ४ मध्येही मिळत होती. इनपुटच्या पहिल्या ओळीत तो एक शब्द लिहायचा आणि योग्य सहायक बेसिस सेट द्यायचा, एवढंच. ज्याने तो कधी लिहिला नाही त्याला पाचवी आवृत्ती जादूसारखी वाटली. जो आधीपासून लिहीत होता त्याचा अनुभव बराच शांत होता. ऑर्का ५ मध्ये नवं काहीच नव्हतं असा याचा अर्थ घेऊ नये. समाकलं काढणारं 'शार्क' हे नवं इंजिन त्यात आलं, ग्रिडही मुळापासून नव्याने आखल्या गेल्या आणि त्यांना नवी नावं मिळाली. हे खरं अभियांत्रिकी काम आहे आणि त्याचं श्रेय त्या गटाला मिळालंच पाहिजे. ते श्रेय नेमकं किती, हे मात्र दोन्ही आवृत्त्यांत तो शब्द लिहून, किंवा दोन्हींत ती युक्ती बंद ठेवून मोजल्याशिवाय कळत नाही. आजच्या तक्त्यांत डिफॉल्टचा फायदा इंजिनाच्या खात्यावर जमा होतो.

दोन प्रणाली, दोन उलट लौकिक, आणि दोन्हींचं मूळ एकच. गाउसियनच्या लेखकांनी सुरक्षितता वाढवली, ऑर्काच्या लेखकांनी बरीच वर्षं तपासलेल्या अदमासावर विश्वास टाकला. माझ्या मते दोन्ही निर्णय योग्य होते. पहिल्याला 'मंदपणा' आणि दुसऱ्याला 'वेग' अशी नावं देणाऱ्या तक्त्यांनी दोन्ही निर्णयांचा अर्थच पुसून टाकला.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. 'वापरणारे नव्वद टक्के लोक डिफॉल्टच वापरतात. मग डिफॉल्टची तुलना हीच त्यांच्या कामाची तुलना नव्हे का?' टक्केवारी बाजूला ठेवू, मुद्दा घेऊ. 'कशालाही हात न लावता माझा जॉब केव्हा संपेल?' असा प्रश्न असेल तर डिफॉल्टची तुलना हे त्याचं बरोबर उत्तर आहे. क्लस्टर सांभाळणाऱ्याला रांगेचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडतं. पण मग तक्त्यावर तसं लिहा: 'काहीही न सांगता, दोन वेगळ्या अचूकतांवर'. त्या तक्त्यावरून 'जुनी आवृत्ती बरी, नवी घेऊ नका' असा सल्ला निघत नाही. आपल्याकडे मात्र तोच सल्ला काढला जातो, आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं जुन्या ग्रिडवर एम०६-२एक्सच्या मुक्त ऊर्जा काढत राहतात.

आता फंक्शनलांकडे वळतो. गैरसमज इथे सर्वांत खोल रुजलेला आहे, म्हणून इथे जरा रेंगाळावं लागेल.

फंक्शनल हे एक सूत्र आहे. घनता, तिचा उतार, कधी गतिज-ऊर्जा-घनता एवढे आकडे त्याला द्यायचे आणि एक आकडा घ्यायचा. ते सूत्र कितीही लांबलचक असलं तरी एका बिंदूवर त्याचं मूल्य काढायला संगणकाला फारसे कष्ट पडत नाहीत. लिबएक्ससी नावाचं एक खुलं ग्रंथालय आहे. त्यात शेकडो फंक्शनलं लिहून ठेवलेली आहेत आणि अनेक वेगवेगळ्या प्रणाली तीच सूत्रं तिथून उचलतात. सूत्र एकच असूनही त्या प्रणालींमध्ये वेळेचा फरक प्रचंड पडतो. वेळ सूत्रात असता तर असं झालं नसतं.

मग वेळ कुठे जातो? तो जातो त्या फंक्शनलने जे मागितलं ते पुरवण्यात. पीबीई किंवा बीएलवायपी यांना फक्त घनता आणि तिचा उतार लागतो. बी३एलवायपीला शिवाय २० टक्के हार्ट्री-फॉक एक्स्चेंज लागतो, एम०६-२एक्सला ५४ टक्के. इथे बहुतेकांना वाटतं की ५४ टक्के म्हणजे २० टक्क्यांपेक्षा जास्त काम. तसं नसतं. एक्स्चेंज संपूर्ण काढावाच लागतो, नंतर त्याला ०.२० ने गुणा नाहीतर ०.५४ ने, गुणाकाराला वेळ लागत नाही. एम०६-२एक्सचा जास्तीचा वेळ येतो तो मुख्यतः त्याला लागणाऱ्या दाट ग्रिडमुळे, आणि कधी रचना इष्टतम होताना जास्त पायऱ्या घेतल्यामुळे.

शुद्ध फंक्शनल आणि संकरित फंक्शनल यांची तुलना तर यंत्रणेप्रमाणे पार बदलते. समजा, प्रणाली चार निर्देशांकांची समाकलं थेट काढते आहे, कोणताही अदमास नाही. कुलोम भागाला जी समाकलं लागतात तीच एक्स्चेंजला लागतात. ती एकदा काढली की एक्स्चेंज जवळजवळ जाता जाता हाती येतो, आणि बीएलवायपी व बी३एलवायपी यांच्या वेळेत फारसा फरक उरत नाही. त्याच जॉबमध्ये कुलोमसाठी सहायक बेसिस सेट वापरा. आता शुद्ध फंक्शनलला चार निर्देशांकांच्या समाकलांची गरजच राहत नाही आणि ते कितीतरी पटींनी लवकर सुटतं. कार्ल्सरूहमध्ये राइनहार्ट आल्रिख्स यांच्या टर्बोमोल गटाने नव्वदच्या दशकात हीच गोष्ट रोजच्या वापरात आणली. मग एक्स्चेंजसाठीही कॉसएक्ससारखी युक्ती वापरा, अंतर पुन्हा कमी होतं. सपाट लहरींच्या बेसिसमध्ये, म्हणजे क्वांटम एस्प्रेसो किंवा व्हास्पसारख्या घनपदार्थांच्या प्रणालींत जा, संकरित फंक्शनल पुन्हा जबर महाग होतं. फंक्शनलं सगळीकडे तीच होती. 'बी३एलवायपी बीएलवायपीपेक्षा किती पट महाग?' या प्रश्नाला यंत्रणा सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

ओमेगा-बी९७एक्स-डी सारख्या फंक्शनलांत एक्स्चेंज जवळचा आणि लांबचा असा वेगळा हाताळला जातो, त्यामुळे समाकलांचा एक आणखी संच लागतो. तिथे जास्तीचा खर्च खरा आहे. बी२पीएलवायपीसारख्या दुहेरी संकरित फंक्शनलांना शेवटी एमपी२ ची पायरी लागते आणि तिचा खर्च रेणूच्या आकाराच्या पाचव्या घाताने वाढतो. ग्रिमं यांची डी३ ही विखुरण-आकर्षणाची (डिस्पर्शन) दुरुस्ती मात्र जवळजवळ फुकट मिळते. या तिघांना एकाच 'महाग' शब्दाखाली घालणारा तक्ता माहिती देण्याऐवजी लपवतो.

आणखी एक गोष्ट तक्त्यांत हमखास निसटते. वेळ म्हणजे एका फेरीचा वेळ, गुणिले एससीएफच्या (घनता स्वतःशी जुळेपर्यंत चालणाऱ्या हिशेबाच्या) फेऱ्या, गुणिले रचनेच्या पायऱ्या. यातला पहिला आकडाच काय तो प्रणाली आणि फंक्शनल यांच्याबद्दल काही सांगतो. बाकीचे दोन रेणू, सुरुवातीचा अंदाज आणि नशीब यांवर हलतात. शुद्ध फंक्शनलांत भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर लहान येतं. संक्रमण-धातूंच्या संकुलांत किंवा दोन टोकांना विरुद्ध प्रभार असलेल्या पेप्टाइडांत त्यामुळे एससीएफ हेलकावे खात राहतं, आणि 'स्वस्त' फंक्शनल फेऱ्यांवर फेऱ्या खातं. विद्यार्थी मग सांगतो की पीबीई या रेणूवर हळू आहे. पीबीईची प्रत्येक फेरी झटपटच झालेली असते, फेऱ्याच संपलेल्या नसतात.

सर्वांत वाईट पक्षपात सुरुवातीच्या रचनेतून शिरतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. गटात आधीपासून बी३एलवायपीवर इष्टतम केलेल्या रचना पडलेल्या असतात. नवी फंक्शनलं तपासायची म्हणून त्याच फाइली उचलल्या जातात आणि सगळ्या फंक्शनलांना तीच सुरुवात दिली जाते. 'सगळ्यांना समान संधी' म्हणून याचं समर्थनही होतं. पण बी३एलवायपी त्या जॉबमध्ये आपल्याच उत्तराच्या शेजारी उभं असतं. ते दोनतीन पायऱ्यांत संपतं, बाकीच्यांना आपापल्या खोलगटापर्यंत चालत जावं लागतं. तक्त्यात बी३एलवायपी पहिलं येतं आणि त्याच्या वेगाची ख्याती आणखी पक्की होते.

वारंवारतेच्या जॉबमध्ये याहून मोठा सापळा आहे. एखाद्या प्रणालीत एखाद्या फंक्शनलची द्वितीय अवकलजं सूत्राने काढण्याची सोय नसेल तर ती ग्रेडियंटांवरून आकड्यांनी काढावी लागतात. ५० अणूंच्या रेणूला दोन्ही बाजूंनी हलवून बघायचं तर ३०० ग्रेडियंट लागतात. तो जॉब रात्रभर चालतो आणि दोष फंक्शनलला लागतो. सोय लिहिली गेलेली नव्हती, एवढीच ती गोष्ट.

फंक्शनलचं नाव एक असलं म्हणजे सूत्र एक असतंच, असंही धरून चालू नये. गाउसियनमधल्या बी३एलवायपीत व्होस्को, विल्क आणि नुसैर यांच्या स्थानिक कोरिलेशनचं तिसरं रूप आहे. ऑर्का आणि टर्बोमोल डिफॉल्टने पाचवं वापरतात. दोन्हीकडे गाउसियनचं रूप मागायची सोय आहे, पण ते मागावं लागतं. न मागता लावलेल्या जॉबांच्या एकूण ऊर्जा जुळणार नाहीत, आणि न जुळणाऱ्या दोन ऊर्जांपर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळांची तुलना कशाला करायची?

घड्याळाबद्दल फार लिहीत नाही, पण एवढं सांगायलाच हवं. गाउसियनच्या आउटपुटमध्ये शेवटी 'जॉब सीपीयू टाइम' येतो. तो सगळ्या कोअरांच्या वेळांची बेरीज असतो. सोळा कोअरांवर एका तासात संपलेल्या जॉबचा सीपीयू टाइम सोळा तासांच्या आसपास दिसतो. एका आवृत्तीचा हा आकडा आणि दुसऱ्या आवृत्तीचा प्रत्यक्ष गेलेला वेळ शेजारीशेजारी मांडलेले तक्ते मी पाहिले आहेत. शेजारच्या कोअरांवर दुसऱ्या कुणाचा जॉब चालू होता का, स्क्रॅच फाइली स्थानिक डिस्कवर होत्या की नेटवर्कवरून येत होत्या, मेमरी किती दिली होती, याचा उल्लेखही नसतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने दोन आवृत्त्यांमधल्या फरकापेक्षा मोठा फरक पडू शकतो.

ऐकीव माहितीला इतकं बळ मिळालं याला उघड तुलनेची वानवा हेही एक कारण आहे. गाउसियनच्या परवान्यातल्या, स्पर्धक प्रणालींशी तुलना छापण्याबाबतच्या अटींवर बराच वाद झाला आणि 'नेचर'ने २००४ मध्ये त्यावर बातमी दिली. व्यापारी कंपनीची बाजू समजून घेता येते. चुकीच्या पद्धतीने केलेल्या तुलनेने तिचं नुकसान होऊ शकतं, आणि या लेखात आतापर्यंत जे लिहिलं तेच त्या भीतीला आधार देतं. पण तुलना बंद करून चुकीच्या तुलना थांबत नाहीत. त्या कँटीनमध्ये होतात, आणि तिथे इनपुट फाइल कुणी दाखवत नाही. साय४, पायएससीएफ, एनडब्ल्यूकेम, सीपी२के या खुल्या प्रणालींवर तरी आपण आकड्यांसोबत फाइली ठेवू शकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

काटेकोर तुलना अशक्य आहे, असं म्हणणाऱ्यांनी २०१६ चं 'सायन्स'मधलं काम पाहावं. घनपदार्थांच्या १५ प्रणाली, ४० प्रकारच्या मांडण्या, ७१ मूलद्रव्यांचे स्फटिक आणि सगळीकडे एकच फंक्शनल, पीबीई. नीट मांडणी केल्यावर आधुनिक प्रणाली एकमेकींशी उत्तम जुळल्या. ती तुलना वेगाची नव्हती, अचूकतेची होती. पण वेगाची तुलना सुरू करण्याआधी जो पाया घालायला हवा तो हाच: सगळे एकाच उत्तरापाशी येतात, हे आधी दाखवणं.

'हे सगळं मोठ्या यंत्रांवाल्यांना परवडतं' हा शेवटचा आक्षेप. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्याला सामायिक क्लस्टरवर मोजका वेळ मिळतो, जॉब रांगेत पडून राहतो, मर्यादा संपली की मधेच मरतो. त्याच्यासाठी वेग ही चैन नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच त्याला खोटा वेग विकू नये. कमी साधनांत मोठे रेणू हाताळायचं काम महाराष्ट्रातच झालं आहे. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने १९९४ पासून 'मॉलिक्युलर टेलरिंग' ही पद्धत विकसित केली: मोठ्या रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडायचे, तुकड्यांची गणितं वेगळी करायची आणि ती जोडून पूर्ण रेणूचं उत्तर उभं करायचं. वेळ वाचतो तो यामुळे. पण त्या कामात वाचलेल्या वेळाबरोबर पूर्ण रेणूच्या गणिताशी पडलेला फरकही दिला जातो, आणि तो फरक कमी करण्यासाठीच पद्धत पुढे सुधारत गेली. वेग आणि चूक एकाच तक्त्यात लिहिण्याची ही शिस्त आपल्या शेजारच्याच विभागात आहे. ती बाहेरून आणायची नाही.

ज्यांच्या प्रबंधात आज जुन्या ग्रिडवरच्या एम०६-२एक्सच्या मुक्त ऊर्जा आहेत, त्यांना सगळं पुन्हा करायची गरज नाही. ज्या संक्रमण-अवस्थेवर निष्कर्ष टेकला आहे ती आणि तिच्या अलीकडचा मध्यस्थ, एवढ्या दोन रचना घ्या. ५० प्रतिसेंटिमीटरखालची कंपनं कोणती आहेत ते आउटपुटमध्ये पाहा. त्या दोनच रचना अल्ट्राफाइन ग्रिडवर पुन्हा इष्टतम करून वारंवारता काढा. अडथळ्याची उंची एक दशांश किलोकॅलरीच्या आत राहिली तर जुना आकडा तसाच ठेवा आणि तपासल्याचं प्रबंधात लिहा. अर्ध्या किलोकॅलरीने हलली तर दोन मार्गांपैकी कोणता वेगवान, हे सांगणारं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. त्याला लागणारे दिवसही मग जुन्या आवृत्तीच्या वेळेच्या रकान्यातच मिळवायला हवेत.